उजव्या खुर्चीतले अकरा सेकंद

पस्तीस हजार फूट

हैदराबादहून नागपूर. दिवसातलं चौथं उड्डाण. डावीकडे कॅप्टन कृष्णकांत, साठीला टेकलेले. उजवीकडे फर्स्ट ऑफिसर वैभवी, वय अठ्ठावीस, आणि सकाळपासून तिच्या घशाखाली पाणी सोडून काही उतरलेलं नाही.

कारण संध्याकाळी कृष्णकांत एक फॉर्म भरणार होते. त्यांनी ‘शिफारस आहे’ लिहिलं की दिवाळीच्या आत ती डावीकडे. कॅप्टन. स्वस्त तिकिटांच्या कंपनीत विमानं भराभर वाढतात, कॅप्टन पुरत नाहीत, म्हणून इतक्या लवकर.

“अन् माझ्या जुन्या कंपनीचं नोकरीचं पत्र आलं म्हणे तुले?” कृष्णकांत नागपूर शहरातल्या महाल भागातले, पण वैभवी भिवापूरची म्हणून तिच्याशी मुद्दाम तिच्या बोलीत बोलायचे.

“हो सर. उद्यापर्यंत उत्तर द्यायचं आहे.”

“जाय ना मग! चांगलं हॉटेल, परदेशाच्या वाऱ्या, अन् बढतीच्या यादीत सगळ्यात खाली नंबर. अठरा वर्षं मी तिथं उजवीकडेच बसलो वं. कॅप्टनच्या बॅगा उचलून उचलून हा खांदा उतरला, पाह्य ना.”

“इथं बॅग उचलायलाही वेळ नाही, सर. अर्ध्या तासात उतरवा, भरा, उडा.”

ते खळखळून हसले. तीही हसली; मग वाटलं, जरा जास्तच बोलले.

दहा हजार फूट

इथून खाली कामाशिवाय अवाक्षर काढायचं नाही, असा नियम. गप्पा मिटल्या.

मे महिन्याची दुपार. खाली शेहेचाळीस डिग्री. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा विमानाला सुपात घातल्यासारखी पाखडत होती. हैदराबादेत चाळीस मिनिटं आधीच उशिरात गेली होती. उतरायला आणखी पंधरा मिनिटं लागली की दोघांचे ड्युटीचे तास संपणार आणि पुढचं उड्डाण रद्द होणार. विमान कृष्णकांत चालवत होते. दर मिनिटाला त्यांची नजर घड्याळाकडे जाई. वैभवीची त्यांच्याकडे.

तीन हजार

उजव्या खिडकीत मौद्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या. धूर ज्या बाजूला जायला हवा, त्याच्या उलट चाललेला. वारा फिरला होता. पाठीमागून विमानाला ढकलत होता.

“सर, वेग जास्त आहे.”

“दिसून राहिलं मले.”

एक हजार

वेग हवा एकशे चाळीस नॉट. आहे एकशे पासष्ट.

“सर, स्पीड.”

कृष्णकांतांची नजर घड्याळावर.

पाचशे

नियम असा: पाचशे फुटांवर वेग, उतार, दिशा जागेवर नसतील तर उतरायचं नाही. ‘गो अराउंड’ म्हणायचं. म्हणजे उतरणं सोडा, परत वर चला. दोघांपैकी कोणीही म्हणावं, दुसऱ्यानं ऐकावं. परीक्षेत वैभवीनं हे शंभरदा लिहिलं होतं.

एकशे एकसष्ट.

एक. म्हण.

दोन. म्हण ना.

तीन. ह्यांच्या अनुभवापुढे आपण कोण?

चार. संध्याकाळचा फॉर्म.

पाच. भिवापुरात बाबांनी गावभर सांगून ठेवलंय, पोरगी कॅप्टन होऊन राहिली.

सहा. जमेल त्यांना. जमतंच त्यांना.

सात. एकशे एकोणसाठ.

आठ. पाठीमागे एकशे ब्याऐंशी माणसं.

नऊ. धावपट्टी अंगावर येत होती, नेहमीपेक्षा आखूड दिसत होती.

दहा.

अकरा.

तीनशे वीस

“गो अराउंड.”

आवाज इतका बारीक निघाला की तो आपलाच, हे तिलाच पटेना.

कृष्णकांत समोर बघत राहिले.

“सर! गो अराउंड!”

“जमते, जमते.”

दोनदा सांगूनही दुसरा ऐकत नसेल तर काय करायचं, तेही पुस्तकात होतं.

“आय हॅव कंट्रोल,” वैभवी म्हणाली, म्हणजे विमान आता तिच्या ताब्यात, आणि कॅप्टनच्या हाताखालून इंजिनांचे दांडे तिनं पुढे रेटले.

क्षणभर त्यांचा हात तिथंच होता. घट्ट. मग निघाला.

विमान आरडाओरडा केल्यासारखं गर्जलं आणि विमानतळालगतच्या मिहानच्या शेडवरून वर चढलं.

शून्य

दुसऱ्या खेपेला तिनंच उतरवलं, सरळ. पुढचं उड्डाण रद्द झालं.

क्रू रूममध्ये टॅबवर रिपोर्ट. प्रश्न सहावा: मर्यादा ओलांडल्याचं लक्षात आल्यापासून बोलेपर्यंत किती वेळ गेला? कारण द्या.

अकरा सेकंद, तिनं लिहिलं. कारणापाशी बोट अडलं.

“रेडिओवर कोणी बोलत होतं, असं लिहून दे,” कृष्णकांत शेजारची खुर्ची ओढत म्हणाले. “सगळे तेच लिहितात.”

“कोणी बोलत नव्हतं, सर.” ती त्यांच्याकडे वळली. “तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का?”

“आलं.” त्यांनी चष्मा काढला. “तू पहिल्यांदा म्हणालीस तेव्हाच आलं. आमच्या वेळी तिकडे असला रकानाच नव्हता वं. उजवीकडचा बोलतच नसे. मीही नाही बोललो कधी.”

वैभवीनं लिहिलं: कॅप्टन आज माझी शिफारस करणार होते. मला भीती वाटली.

कृष्णकांतांनी ते वाचलं. “हे पाठवलंस तर वर्षभर तरी उजवीकडेच ठेवतील तुले. मग इथं काय अन् तिकडे काय.”

“माहीत आहे, सर.”

“अन् माझं काय होईल, तेही?”

तिनं होकारार्थी मान हलवली. मग ‘पाठवा’चं बटण दाबलं.

कृष्णकांतांनी आपल्या रिपोर्टचा टॅब पुढे ओढला, चष्मा चढवला.

“मी ‘जमते’ म्हणालो, तेव्हा किती फुटांवर होतो आपण?”

“दोनशे ऐंशी, सर.”

त्यांनी तसंच लिहिलं.