शिंप्याची कंबर

शिंप्याचं पोट इतकं सुटलं होतं की गिऱ्हाईक आधी पोटाकडे बघायचं, मग कापडाकडे. शेवटी भाच्याने गोळ्यांची बाटली आणून दिली.

"मामा, दुधाच्या सायीत असतं तसलं एक आम्ल आहे यात. चरबी जाते, अंग घट्ट होतं."

"साय खाऊन चरबी जाते? मग तुझी मामी अजून अशी कशी?"

"ऐकू येतंय हो मला!" आतून आवाज आला.

शिंप्याने गोळ्या सुरू केल्या. रोज मापाची टेप कमरेला लावायचा, आणि दवाखान्यात पूर्वी लिहिलेल्या मापापेक्षा कंबर खरंच कमी भरायची. स्वारी खुशीत होती.

मग रक्त तपासलं, तर साखर वाढलेली. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. थोरल्या भावाचा पाय साखरेनेच कापावा लागला होता. पायाशिवाय शिंप्याने मशीन चालवायचं कसं?

"काका, या गोळ्या कुणी सांगितल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"भाच्याने. पण बाई, कंबर उतरली ना!"

त्यांनी आपली टेप लावली. कंबर त्यांच्या जुन्या नोंदीइतकीच भरली. शिंप्याने गळ्यातली टेप तिच्याशेजारी धरली. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याची कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून लांबली होती, म्हणून माप कमी भरत होतं. अंगाचं माप तिनेच घ्यायचं, कापडही तिनेच मोजायचं. त्यामुळे कुणाचा कपडा बिघडला नाही आणि त्याला पत्ता लागला नाही.

"या आम्लाने चरबी गेलीच तर थोडी जाते," बाई म्हणाल्या. "काहींची साखर मात्र वाढते. तुमची त्यानेच वाढली का, ते आत्ता सांगता येत नाही. गोळ्या बंद करा, चाला, मग पुन्हा बघू."

मधले दिवस त्याने जीव मुठीत धरून काढले. मशीनवर पायाला मुंग्या आल्या तरी तो उठून पाय चाचपून बघायचा. बायको येता-जाता त्याच्या पायांकडे बघायची.

पुन्हा तपासणी झाली, तेव्हा बायकोही सोबत होती. बाई हसल्या. "साखर जागेवर आली, काका. पोट तेवढं आहे अजून."

"असू द्या हो, ते घरचंच आहे!"

बाहेर आल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. तो भराभर चालायला लागला.

"अहो, जरा दमानं!" बायको मागून ओरडली. "मी पण आहे!"

तो थांबला. ती जवळ आली तेव्हा डोळे पुसत होती आणि हसतही होती.