ओढून धरा आणि बोला

बाबांचा हट्ट पंचेचाळिसाचा आणि डॉक्टरांचा हुकूम तिसाचा. धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातावर जितकं वजन येतं, त्याचे हे पौंड. ऑपरेशननंतर तिसाच्या वर गेलात तर खांदा कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "मग सोडूनच देतो," म्हणून बाबा मोकळे झाले. त्याला आठ महिने झाले. घरात बसून ते माझ्या प्रत्येक कामात नाक खुपसायचे. दूध उतू जाणार असल्याची आगाऊ सूचना मला दिवसातून दोनदा मिळायची. अलीकडे तीही मिळेनाशी झाली होती. नुसते बसून असायचे, आणि मला त्याचीच धास्ती वाटत होती.

लाकडी धनुष्यं हातानं घडवणाऱ्या एका बाईंना मी गुपचूप फोन केला. म्हटलं, हलकं काहीतरी द्या, पण वर आकडा पंचेचाळिसाचा लिहा.

"ताई, आकडा मी तापलेल्या तारेनं डागते," त्या म्हणाल्या. "खोटा डागला तर माझ्याकडे परत कोण येईल? तुम्ही आणा तर त्यांना."

बाईंच्या कारखान्यात घोट्यापर्यंत भुसा होता. भिंतीवर चपट्या, रुंद पात्यांची पाच धनुष्यं टांगलेली. प्रत्येकाच्या मुठीशी आकड्यावर कापडाची पट्टी गुंडाळलेली. आकडा बघून गिऱ्हाईक घेतं आणि महिन्याभरात धनुष्य खुंटीला लागतं, असा बाईंचा अनुभव. त्यांची परीक्षा वेगळी होती.

"काका, पूर्ण ओढून धरा आणि सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा. आवाज न कापता जितकं सांगता येईल, तितकं धनुष्य तुमचं. फक्त रिकामी दोरी सोडू नका, पातं तुटेल. हळूच परत आणा."

बाबांनी अर्थातच सगळ्यात जाड पात्याचं उचललं. "उठलो, दात..." एवढ्यावर त्यांची सकाळ संपली. दुसऱ्यात दाढीपर्यंत मजल गेली, पण शेवटचे शब्द दातओठ खाऊनच आले. बाईंनी रंधा उचलला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तिसरं त्यांनी हातात घेतलं आणि ओढायचं विसरूनच गेले. मुठीवरून अंगठा फिरवला, पात्याच्या कडेवरून नजर टाकली, दोरी बोटानं वाजवली. असा चेहरा मी आठ महिन्यांत बघितला नव्हता. मग बाईंची पाठ वळल्याबरोबर त्यांनी तेच केलं जे ते आयुष्यभर करत आलेत. पट्टी सरकवून चोरून बघितलं.

सव्वीस.

त्यांनी धनुष्य टेबलावर ठेवलं. "पोराटोरांचं आहे. चल, निघू."

मला राग आला. चारचौघांत ओरडणार होते, इतका आला.

"जा की काका," बाई रंधा बाजूला ठेवत म्हणाल्या. "पण ते एक तुम्ही ओढलंच नाहीत. एकदा ओढा आणि मग जा."

बाबांनी उपकार केल्यासारखं ते उचललं आणि ओढून धरलं.

"उठलो. दात घासले. दाढी केली. चहा घेतला, साखर कमी होती. पेपर वाचला, त्यात काही नव्हतं." आवाज सरळ येत होता. "मग ही मला गाडीत घालून इथं घेऊन आली. हिनं तुम्हाला परवा फोन केलेला. गॅलरीत जाऊन केला, पण दार उघडं होतं. माझ्यासाठी खोटा आकडा मागत होती."

माझे कान तापले. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. नेम धरल्यासारखे समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"सकाळी पेपर झाला की पुढं काहीच नसतं हो," ते त्याच आवाजात म्हणाले. "दुपारी किती वाजले ते बघायचीसुद्धा भीती वाटते मला. हिला सांगितलं नाही कधी."

दोरी त्यांनी हळूच, अगदी सांगितल्यासारखी परत आणली. हात कापला नव्हता. मी मात्र जवळच्या स्टुलावर बसले.

"बांधून देऊ?" बाईंनी विचारलं.

"नको," बाबा म्हणाले. "हातातच राहू दे."