पारड्याखालचं मेण

तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, म्हणून सगळे त्यांना तराजूसाहेब म्हणत. पारड्याखाली मेणाची गोळी चिकटवून काटा मारणारा त्यांच्या बोटांतून कधी सुटला नाही. आता शहात्तराव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला, तोही झपाट्याने वाढणारा. या वयात जहाल केमो झेपणार नाही, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी दोन नव्या औषधांच्या चाचणीचा कागद पुढे केला. महिन्यातले सात दिवस इंजेक्शन, आणि रोज सकाळी आठच्या ठोक्याला तीन गोळ्या. साहेबांनी कागद दोनदा वाचून सही केली. "दुसरं कोणतंही औषध, काढा, चूर्ण घेणार नाही," हे कलम तर बायकोला, म्हणजे काकूंना, मोठ्याने वाचून दाखवलं.

काकूंनी मान डोलावली होती.

पण गोळ्या सुरू झाल्या आणि साहेबांचं अन्नावरून मनच उडालं. समोरचं ताट तसंच परत जायचं. तेव्हा जाऊबाई डबीभर चूर्ण घेऊन आल्या. "अगं, झाडपाल्याचंच तर आहे. माझ्या भावाची कावीळ यानेच उतरली. डॉक्टरांना कशाला सांगत बसतेस?" काकूंनी डबी देवापुढे ठेवली, हात जोडले आणि दुसऱ्या दिवसापासून चमचाभर चूर्ण साखरपाण्यात कालवायला लागल्या.

"पाणी कडू कसं गं?"

"तुमचं तोंडच कडू झालंय. प्या मुकाट्याने."

सहा आठवडे असे गेले. त्या दिवशी इंजेक्शनच्या खोलीत साहेबांचा डोळा लागला होता. शेजारच्या खुर्चीत मास्तरीणबाई विणत बसल्या होत्या. त्याही चाचणीतल्याच; आजार तोच, डोसही तोच. महिनाभर त्यांना बाहेरचं रक्त लागलं नव्हतं.

"ही बाही किती लांब चाललीय हो?" काकूंनी विचारलं.

"वाढू दे. पेशी वाढायच्या थांबल्यात, निदान बाही तरी वाढू दे!"

काकू हसत होत्या तेवढ्यात चाचणीचं काम बघणाऱ्या सिस्टरनी त्यांना बाहेर बोलावलं.

"काकू, साहेबांचं यकृत बिघडलंय. या डोसवर यकृत बिघडलेले हे दुसरे पेशंट. दोघांना असं झालं की तो डोस बंद करायचा, नियमच आहे. आता सगळ्यांना खालचा."

"मास्तरीणबाईंनासुद्धा?"

"त्यांनासुद्धा. खालच्या डोसने कुणाला फारसा गुण आलेला नाही, पण करणार काय?"

"आणि ह्यांना?"

"यकृत ताळ्यावर आलं की ह्यांनाही खालचाच. चाचणीत राहतील ना." सिस्टरनी पेन उघडलं. "विचारावं लागतं म्हणून विचारते, घरी दुसरं काही देत नाही ना? तसं निघालं तर औषधाचा दोष धरत नाहीत, डोस चालू राहतो, पण मग पेशंट चाचणीबाहेर जातो."

खोटं बोलायचं बळ दे, असं काकूंनी जन्मात पहिल्यांदाच देवाला मागितलं. ते काही मिळालं नाही. काचेपलीकडे मास्तरीणबाई दातांनी लोकर तोडत होत्या.

"चूर्ण देते," त्या म्हणाल्या. "सहा आठवडे झाले. ह्यांना ठाऊक नाही."

पेन तसंच थबकलं. मग चालू लागलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी साहेबांना सगळं नीट समजावलं, आणि "रक्त चढवत राहू, त्रास कमी कसा होईल ते पाहू," म्हणाल्या. चाचणीबाहेर त्यांच्याकडेही दुसरं औषध नव्हतं.

गाडीत साहेब खिडकीबाहेर बघत बसले. म्हणाले, "तीस वर्षं लोकांच्या पारड्याखाली बोट फिरवलं मी..."

घराशी उतरताना एवढंच विचारलं, "मास्तरीणबाईंचा डोस तोच राहिला?"

"राहिला."

"हं."

काकूंनी डबी मोरीत रिकामी केली. वरून तीन तांबे पाणी ओतलं, तरी हाताचा कडू वास जाईना. रात्री त्या देवापुढे बसल्या, पण काय मागायचं ते सुचेना.

सकाळी आठला गजर वाजला. बंद करायचा राहूनच गेला होता. साहेबांनी मिटल्या डोळ्यांनीच सवयीने तळहात पुढे केला. काकू हातात ग्लास घेऊन उभ्या होत्या. तळहात थोडा वेळ तसाच राहिला, मग साहेबांनी डोळे उघडले.

"दे," ते म्हणाले, आणि नुसतंच पाणी प्यायले.