हरकत नाही

सिंधुकाकूनं मला आयुष्यात एकच खोटं बोलायला शिकवलं, आणि तेही चांगलं वळण म्हणून.

मी लुंबिनी. आईबाबा अपघातात गेले तेव्हा नऊ वर्षांची होते. नातेवाईक कुणी सापडेना, म्हणून मुलांसाठीच्या सरकारी समितीनं मला औशाच्या किशनकाका आणि सिंधुकाकूकडे सांभाळायला दिलं. त्यांना मूलबाळ नाही. आम्ही बौद्ध, ते शेतीवाले हिंदू. गल्लीनं सहा महिने नाकं मुरडली, मग बहुतेक नाकं दुखायला लागली. चौदा एप्रिलला किशनकाका स्वतः मला पांढरा ड्रेस घेऊन द्यायचे आणि मोटारसायकलवरून जयंतीला सोडायचे. अशी चार वर्षं गेली. मला तिथंच राहायचं होतं. लिहायला किती सोपं वाक्य आहे हे.

यंदा मामा सापडला. आनंदराजमामा, आईचा सख्खा भाऊ. इतकी वर्षं तेलंगणात कामाला होता, आता हिमायतनगरला घर बांधून राहिलेला. भाची माझ्याकडे द्या, असा त्यानं समितीकडे अर्ज केला. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं.

सुनावणीच्या आधी घरी चौकशीला एक साहेब आले. चहा पिऊन जाताना काकूला म्हणाले, "पोरांना शिकवून आणत जाऊ नका. आम्हाला लगेच कळतं." काकूनं त्याचा धसकाच घेतला.

सुनावणीला जाताना एसटीत तिनं माझी वेणी सोडून परत घातली.

"हे बघ, मोठ्या माणसांम्होरं हट्ट करायचा न्हाई. हितंच राहते म्हणलीस तर त्यांना वाटंल म्याच शिकवलंय. मग तर देतच न्हाईत. इचारलं की मान खाली घालायची अन् म्हणायचं, तुम्ही म्हणाल तसं."

"अन् त्यांनी मामाकडं जा म्हणलं तर?"

"का म्हणतील? एवढी वळणाची पोरगी हाय, कुणी वाढवली ते दिसतंयच की त्यांना."

मला ते पटलं. काकूवर राग धरावा म्हटलं तरी इथं येऊन अडतो, मला खरंच पटलं होतं.

आत मला एकटीलाच बोलावलं. टेबलामागं मॅडम आणि दोन सदस्य. पंखा कागद उडवत होता, मॅडमनी त्यावर हात ठेवला होता. "तुझं मत सांगणं हा तुझा हक्क आहे, लुंबिनी," त्या म्हणाल्या. "कुणाला भ्यायचं नाही. तुला कुठं राहायचंय?"

मी मान खाली घातली. "तुम्ही म्हणाल तसं."

"समजूतदार आहे हो," मॅडम शेजारच्यांना म्हणाल्या आणि लिहू लागल्या. लिहिता लिहिता थांबल्या. "हे तुला कुणी शिकवलेलं नाही ना?"

"न्हाई," मी म्हणाले.

मग मला बाहेर पाठवून काकूला आत घेतलं. दार अर्धं उघडं होतं. मला वाटलं, हट्ट पोरांनी करायचा नसतो, मोठी माणसं बोलतील. काकूनं पदर सारखा केला. "आमचं काय, म्याडम. तुम्ही म्हणाल तसं."

थोड्या वेळानं निकाल वाचून दाखवला. रक्ताचं नातं आहे, समाज एकच आहे, मुलीची हरकत नाही, सांभाळणाऱ्यांची हरकत नाही. किशनकाका माझ्यासाठी भजी आणायला गेले होते. ते पुडा हातात धरून दारात उभे राहिले. काकू माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे. मला रडू आलं नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल बधिर होतो, तसं अंगभर झालं होतं.

हिमायतनगरला मी कुणालाच त्रास दिला नाही. झोप म्हटलं की झोपले, ऊठ म्हटलं की उठले. पंचशीलामामी रोज विचारायची, "भात वाढू का भाकर?" मी म्हणायची, "तुम्ही म्हणाल तसं." पोरगी लई गुणाची हाय, असं मामा शेजारी सांगून आला.

आठव्या दिवशी मामीनं पळी पातेल्यावर आपटली.

"जेवून तू राहिली का मी? तुला काय पायजे ते सांग."

मामीनं भाकरीचं टोपलं बाजूला सारलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. "सांगस्तोवर मी उठत न्हाई. काय पायजे तुला?"

"औशाला जायचंय," मी म्हणाले.

तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं. मामा घास हातात धरून तसाच बसला. आता ओरडा बसेल म्हणून मी वाट बघत होते, पण मामीचा आवाज एकदम खाली आला.

"मंग तिथं का न्हाई बोललीस, माय?"

"त्यांनी एकदाच इचारलं."

मामीनं टोपलं परत जवळ ओढलं. मग तिनं माझ्या ताटात भाकरही वाढली आणि भातही वाढला.