पांगाऱ्यावरची साहेबी

मी एक जुनी द्राक्षवेल आहे. नाशिकजवळ मखमलाबादला, कोंडाजींच्या मळ्यात, विहिरीच्या कडेला उभी आहे. माझी जात पांढरी साहेबी. मित्रांनो, हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, तर त्यात माझी चूक नाही.

कोंडाजी आणि त्यांची बायको शकुबाई यांनी मला काडीपासून लावलं. आधाराला पांगाऱ्याचं झाड दिलं. माझे मणी लांबट, साल जाड आणि आत बिया. घड मी मोजकेच देते. पण दाताखाली साल फुटली, की आधी आंबूस आणि मग गोड लागतं, आणि ती चव तोंडात रेंगाळते. नाशिकच्या बाजारात गिऱ्हाईक मला नाव घेऊन मागायचं.

पंच्याहत्तर सालानंतर मळ्यात बिनबियांची द्राक्षं आली. घड मोठे, भावही मोठा. मणी फुगावेत म्हणून माणसं त्यांचा एकेक घड औषधाच्या मगात बुडवायची. मला असं कुणी कधी बुचकळलं नाही. माझ्या बहिणी मात्र ओळीने उपटल्या गेल्या.

शकुबाईने त्या नव्या द्राक्षांतला पहिला मणी तोंडात टाकला आणि म्हणाली, "हे द्राक्ष हाय का साखरेची गोळी? गिळलं अन् गायब."

"आई, शहरातल्या माणसांनी बिया थुंकायच्या कुठं?" मुलगा पुंजाराम हसला.

"दारापर्यंत चालवत नाय का त्यांना?"

तिच्यामुळे मी एकटी वाचले. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. ऑक्टोबरात पुंजारामने मला गुडघ्याएवढं ठेवून कापलं, खोडाला चीर दिली, त्यात नव्या जातीची काडी बसवली आणि सुतळीने आवळली. मुळं माझी, फळं तिची.

महिन्याभरात ती काडी फुटली. मीही फुटले. कलमाच्या खालून, माझ्या स्वतःच्या खोडावरच्या डोळ्यातून.

"नाना, ती खालची फूट मोडा," पुंजाराम बापाला म्हणाला. "नायतर कलम जगायचं नाय."

कोंडाजी खाली बसले. माझी फूट त्यांनी दोन बोटांत धरली. नुसतं नख लावायचं काम होतं. मग त्यांचा हात वर गेला आणि त्यांनी कलमाची काडी उपटून काढली.

"नाना! येडे झाले का? या द्राक्षाला आता गिऱ्हाईक कोण हाय?"

"मी हाय," कोंडाजी म्हणाले.

मित्रांनो, या गोष्टीला पाच वर्षं झाली. मी अजूनही घड मोजकेच देते आणि पुढेही तेवढेच देईन. माझी कीव करू नका. जुनी म्हणून हळदकुंकूही वाहू नका. पाणी द्या, वेळेवर छाटा आणि मला खा. जे फळ कुणी खात नाही, ते कुणी लावतही नाही. बाकी माझं मी बघते.

यंदा वीस-बावीस घड धरले आहेत. कोंडाजींना एकट्याला ते संपायचे नाहीत. या.