कोरड्या पेनाचं अठरावं पान

मित्रांनो, माझी निब थोडी वाकडी आहे, रंगही उडाला आहे, पण मला म्हातारा समजू नका. मी फाउंटन पेन आहे आणि मला स्वस्थ बसवतच नाही.

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी उभी राहत होती, तेव्हा फिटर शालिकराम यांनी मला दुर्गच्या बाजारातून आणलं. त्यांच्या खिशात बसून मी रोज हजेरीवर सही करायचो. दिवसातून एक सही, बस. पोटात शाई नुसती हिंदकळायची.

मग त्यांची मुलगी नलू नववीत पहिली आली आणि मी तिचा झालो. तिनं थेट कादंबरीच लिहायला घेतली. नागपूरच्या एका प्रकाशकानं ती वाचायला मागवावी, एवढाच तिला ध्यास. म्हणून तिनं त्यांना पत्र लिहिलं.

आता भिलाईत कुणालाही 'तू कोण' असं विचारा. तो आधी डिपार्टमेंट सांगतो, मग सेक्टर, मग क्वार्टर नंबर, आणि उरलं तर नाव. नलूनं तसंच लिहिलं. बाबांचं डिपार्टमेंट, त्यांची शिफ्ट, आईचं माहेर. दोन पानं मी नुसता पळत होतो.

नलू ते मोठ्यानं वाचत होती आणि तिची आई पंचफुलाबाई चुलीपाशी ऐकत होती. "कावून वं नले, प्रकाशकाच्या घरी सोयरीक जमवून राहिली का?"

"आपण कोण, हे तं सांगाच लागते ना आई."

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. 'वडिलांचा पूर्ण परिचय झाला, आनंद वाटला. कादंबरी कशाबद्दल आहे?'

शालिकराम हसता हसता खोकले. "मलेच बोलावते आता तो नागपुरात."

नलू हसली नाही. तिनं नवं पत्र लिहिलं, फक्त चार ओळींचं. 'रंभाच्या धानाच्या वावरावर भट्टी उभी राहत आहे. रंभा तिथेच घमेली वाहते. एके दिवशी खोदकामात तिला स्वतःच्या विहिरीचा काठ दिसतो. मग ती जे करते, ती माझी कादंबरी.' मित्रांनो, शाई रोजचीच होती, पण त्या दिवशी मी एकही शब्द खोडला नाही.

पत्र गेलं आणि नलूनं लिहिणंच सोडलं. पोस्टमनची घंटी वाजली की ही दारात. "जवाब आला की लिहीन," म्हणायची. दोन महिने मी फळीवर पडून होतो. शाई सुकली, घसा चिकटला. मला ओरडून सांगायचं होतं, अगं, वहीत सतराच पानं लिहून झाली आहेत.

शेवटी कार्ड आलं. 'रंभाचं पुढे काय झालं? पूर्ण वही पाठवा.'

नलू घरभर नाचली. मग तिनं वही उघडली आणि सतराव्या पानावर थांबली.

"काय झालं वं पुढं त्या रंभाचं?" आईनं विचारलं.

"मलेच माहीत नाही."

पंचफुलाबाईंनी वाटीत कोमट पाणी घेतलं आणि मला त्यात बुडवलं. पाणी निळं निळं झालं. "मंग बस आन् शोधून काढ. भाताचं मी पाहीन."

मित्रांनो, पेन हरवला तर दुसरा मिळतो. पण कुणाच्या उत्तराची वाट पाहत त्याला कोरडा ठेवू नका. मी आत्ता अठराव्या पानावर आहे, रंभा विहिरीत वाकून पाहते आहे, आणि मला आणखी बोलायला वेळ नाही.