हलक्या धानाचा तुंबा

मित्रांनो, मी एक जुना तुंबा आहे. वंजे म्हातारीच्या चुलीवर, आढ्याला टांगलेला. कुंपणावरच्या वेलीला भोपळा म्हणून लागलो. वंजेनं मला वाळवलं, आतला गर खरवडला आणि पोटात राख लावलेलं हलक्या धानाचं बी भरलं. पाऊस सरत येतो, घरातले दाणे संपतात, तेव्हा हेच धान आधी पिकायचं. त्याची पेज पिऊन या घरची लेकरं जगली. म्हणून उपास घडला तरी माझं बूच कुणी काढत नसे.

आमच्या माडिया गावात पेरणीआधी बीजपंडुम, म्हणजे बियांचा सण, असतो. घरटी मूठभर बी पुजाऱ्यापुढं येतं. तो सगळं कालवतो आणि ज्याला त्याला परत देतो. कुणा एकाचं शेत दुबळं राहू नये, म्हणून.

एका साली सरकारी योजनेची गाडी आली. सून केये कडेवर तान्हं घेऊन गेली आणि नव्या, संकरित धानाची पिशवी घेऊन आली.

"आत्या, साहेब म्हणाले, याचं बी घरी ठेवायचं नाही. दरसाली नवं देतील."

वंजे हसली. "बी आहे का पाहुणा, जेवला की निघाला?"

"निदान हे बी पंडुमात तरी नको नेऊ. मला भीती वाटते."

"देवापासून लपवू? गाव तोंडात शेण घालेल माझ्या!"

तिनं नेलंच, आणि पुजाऱ्यानं ते गावभरच्या बियांत कालवलं. त्या साली लोंब्या टपोऱ्या लागल्या. वंजेनं जन्मभर केलं तेच केलं. शेतभर फिरून सगळ्यांत भरल्या लोंब्या खुडल्या आणि त्यांचं बी माझ्यात ठेवलं. भरल्या लोंब्या नव्या धानाच्या होत्या. जुनं बारीक धान खाण्यात गेलं. घरोघरी असंच झालं.

पुढच्या साली एक रोप गुडघ्याएवढं, शेजारचं कमरेएवढं. एक पिकलेलं, दुसरं फुलोऱ्यात, बाकी पोचट. गाडी दुसऱ्या तालुक्यात निघून गेली होती. केये जुनं बी मागत दारोदार फिरली. सगळ्या तुंब्यांत तेच.

"काढ बूच," शेवटी वंजे म्हणाली.

"आत्या, बी आहे ते!"

"कसलं बी? लेकरू रडतंय."

तेही शिजलं. मग केये बाळाला पाठीशी बांधून तेलंगणात मिरची तोडायला गेली.

मित्रांनो, नवं जरूर पेरा. पण जुन्यातलं मूठभर वेगळं ठेवा. आमच्याकडं आता वेगळं ठेवायला मूठभरही उरलेलं नाही.